गॅलरीतली मुलाखत

इंदू,

तुझ्या बाराव्याला बायका किती आल्या, ते तुला सांगायलाच हवं. भोईवाड्यातल्या तुमच्या खोलीत मावल्या नाहीत. गॅलरीत बसल्या, जिन्यावर बसल्या. तुझा दादा पार गोंधळून गेला. त्याला वाटलं होतं, नात्यातली दहा-पंधरा माणसं येतील. इथे लालबागच्या आल्या, वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आल्या, कोळीवाड्यातली ती मोठ्या आवाजाची बाईसुद्धा आली, आणि जी ती तुझ्या आईला सांगत होती की इंदू आमच्याकडे यायची. कशाला यायची, ते मात्र एकीलाही धड सांगता येईना. "बसायची, बोलायची," एवढंच. आपण तीन वर्षं चाळीचाळींतून सामाजिक पाहणी करत हिंडलो, कितीतरी मुलाखती घेतल्या, आणि त्यांच्या लेखी तू नुसती बसायला येणारी बाई होतीस. मला आधी हसू आलं, मग हेवा वाटला. माझी ओळख त्यांच्याकडे 'त्या प्रश्न विचारायच्या त्या' अशी होती.

लालबागच्या खाणावळवाल्या भागाकाकी आल्या नाहीत. त्यांची सून सुमन आली होती, एकटीच. मी तिला विचारलं, "सासूबाई कुठे?" तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "त्या नाय म्हणाल्या. इंदूताईंचं नाव काढलेलंपण खपत नाय त्यांना. दोन वर्षं झाली. तुम्हाला ठाऊक नाय?"

मला ठाऊक नव्हतं. तू कधी अवाक्षर काढलं नाहीस. म्हणून परवा मी लालबागला भागाकाकींकडे जाऊन आले. दोन वर्षांपूर्वी तू मला तिथे नेणार होतीस आणि मी आले नव्हते. परवा तिथे काय झालं ते तुला सांगायचंच आहे, पण आधी आपलं भांडण पहिल्यापासून लिहून काढते. तू असतीस तर म्हणाली असतीस, विमल, तुझी बाजू आधी मांडायची सवय काय जात नाय. खरं आहे. पण या वेळी माझ्या बाजूला मांडण्यासारखं फार काही नाही.

तुला कामावर घेतलं ते कारण मला आठवतं. पाहणीचे प्रमुख, आपले सर, म्हणाले होते, "तिला तिथली बोली येते, बायका दार उघडतील." मी गिरगावातली, एम. ए. झालेली, माझ्याजवळ छापील प्रश्नावली आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली. तू मॅट्रिक, तुझे बाबा गिरणीत साच्यावरचे विणकर, आणि तुझ्याजवळ एक कापडी पिशवी. पहिल्याच दिवशी परळच्या एका चाळीत एक म्हातारेबुवा आपल्याला आडवे आले. चाळीच्या भिंतींवर तेव्हा खडूने नि चुन्याने घोषणा लिहिलेल्या असायच्या, आणि कागद घेऊन हिंडणारा कुणीही लोकांना सरकारचा हेर वाटायचा. त्यांनी विचारलं, "आधी सांगा, मुंबई कुणाची?" मी म्हटलं, "आजोबा, आम्ही संशोधक आहोत, आम्हाला बाजू घेता येत नाही." तू मागून ओरडलीस, "महाराष्ट्राची! कोणाची म्हणजे काय?" आपल्याला चहा मिळाला, आणि बुवांनी तीन मजल्यांवरच्या घरांची माहिती स्वतः हिंडून दिली. बाहेर आल्यावर मी तुला तटस्थतेवर भाषण दिलं. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तू तटस्थ राहा गो. चहा मी मिळवीन."

तुझ्याकडून मी किती शिकले, ते मी कुठल्याच अहवालात लिहिलेलं नाही. 'का' विचारायचं नाही, हे तू शिकवलंस. का विचारलं की बाई कोर्टात उभी केल्यासारखी होते आणि शहाणपणाचं उत्तर शोधायला लागते. 'मग?' म्हणायचं आणि गप्प बसायचं. ते गप्प बसणं मला जमत नसे. कुणी थांबलं की मी लगेच पुढचा प्रश्न पुढे करायची. तू टेबलाखालून, म्हणजे टेबल कुठलं, सतरंजीवर बसल्या बसल्या माझ्या पायाला चिमटा काढायचीस. बीडीडी चाळीतल्या नव्याने बौद्ध झालेल्या त्या घरात तू आल्या आल्या पाणी मागितलंस आणि मला डोळ्यांनी खुणावलंस की तूही माग. त्या बाईंनी माझं आडनाव विचारलं, मग तांब्या हातात धरून क्षणभर थांबल्या. मी पाणी प्याले. त्यानंतर त्यांनी मला जे सांगितलं, ते प्रश्नावलीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं आणि आपल्या सबंध पाहणीतलं सगळ्यांत मोलाचं होतं. हे श्रेय तुझं. तेव्हा मी ते माझ्या नावावर घेतलं.

पण 'सासू धरणं' ही युक्ती माझी. ती कुणाला द्यायची म्हटलं तरी देता येणार नाही.

पाहणी होती ती गिरणगावातल्या सुनांच्या आयुष्याची. आणि खोली एकच. सुनेला काही विचारलं की ती सासूकडे बघायची आणि सासू उत्तर द्यायची. "जेवायला कधी बसतेस?" "आमच्याबरोबरच की!" इति सासू. अशा पाच-सहा मुलाखती वाया गेल्यावर मी सरांना सुचवलं की दोघींनी एकत्र न बसता काम वाटून घ्यावं. एकीने सासूला गॅलरीत बसवून तिची वेगळी मुलाखत घ्यायची आणि दुसरीने तेवढ्या वेळात आत सुनेशी बोलायचं. खरी मुलाखत आतली. बाहेरची नुसती सासूला अडकवून ठेवण्यापुरती. सर इतके खूश झाले की पद्धतीच्या प्रकरणात त्यांनी त्यावर पानभर लिहिलं. ऑफिसात सगळे हसून म्हणायचे, आज कोणाची सासू धरली?

धरण्याचं काम तुझ्याकडे आलं, कारण तुझी मालवणी. कोकणातल्या म्हाताऱ्या बायका तुला बघून पाघळायच्या. पहिल्याच आठवड्यात तू वही भरून आणलीस तेव्हा मी म्हटलं, "अगं, हे कुणी वाचणार नाही. लिहिण्याचं नुसतं नाटक कर. कागद कशाला वाया घालवतेस?" तू वही पिशवीत टाकलीस आणि म्हणालीस, "माझ्याच्याने नाय होणार. ती माझ्या हाताकडे बघत असते." आणि तू लिहीतच राहिलीस. गावाची नावं, बाळंतपणं, गिरणीत पहिल्यांदा आल्यावर आवाजाने झालेली उलटी, सगळं. वह्यांची पानं सुटी करून मी त्यांचे गठ्ठे कपाटात ठेवायची. कागदाची टंचाई होती, तुझ्या पानांची मागची बाजू कोरी असायची. माझे सगळे कच्चे तक्ते मी त्या कोऱ्या बाजूंवर आखले, आणि तक्ते पक्के झाल्यावर कच्चे फाडून टाकले. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तुला दिसलं असणारच.

आता भागाकाकी. लालबागच्या त्या खोलीत त्या पूर्वी खाणावळ चालवायच्या. कोकणातून एकट्या आलेल्या गिरणीवाल्यांना दोन्ही वेळचं जेवण घालायच्या. आपण तिथे तीन दुपारी गेलो. मी आत सुमनशी बोलत होते. दीड-दोन वर्षांचा मुलगा तिच्या मांडीवर झोपलेला. ती बोलायला लागली आणि मला तर खजिना सापडल्यासारखं झालं. ती म्हणाली, सासूबाई खोलीचं दार लावू देत नाहीत. दिवसा नाही आणि निजतानाही नाही. पडदा लावा, पण दार उघडं. "साडी बदलायची तरी मोरीत जाऊन बसायचं. नवरा-बायकोने काय करायचं, सांगा. मी म्हणते, एवढी नजर कशाला ठेवायची माणसावर?" मी शब्दन् शब्द टिपला. एका खोलीच्या घरात सासू सुनेवर ताबा कसा ठेवते, याचं इतकं चपखल उदाहरण मला दुसरं मिळालं नव्हतं. अहवालाचं चौथं प्रकरण मी त्यावर उभं केलं. त्यात भागाकाकींचं नाव नव्हतं, पण खाणावळ होती, चाळीचं वर्णन होतं. लालबागमध्ये कुणालाही ओळखता आलं असतं.

आणि त्याच दुपारी, आठ हातांवर, गॅलरीत, त्या तुला दाराचीच गोष्ट सांगत होत्या.

तू ती मला दादरला ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून वाचून दाखवलीस. ते पान आता नाही, म्हणून मला आठवतं तसं लिहिते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातले गोळीबाराचे दिवस. त्याला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. "पोलीस गल्लीत शिरले तेवा मी दार लावून घेतलंय. एक माणूस धावत वर इलो आणि दार ठोकूक लागलो. काकी, दार उघडा, म्हणालो. माका काकी म्हणालो, म्हणजे कधीतरी माज्याकडे जेवलेलो असतलो. घरात सून गरवार. माजो झिल मिलात. मी कडीवर हात ठेवन उबी रवलंय. उघडूक नाय. मगे पायांचो आवाज इलो आणि मगे काय नाय. तेचा काय झाला, कोण होतो, माका ठावक नाय. तेवापासून मी ह्या घराचा दार लावूक देत नाय. ह्या लिव. माजा नाव घाल. तेची आवस खय असात तर तिका कळूक व्हया, कोणी दार उघडूक नाय ता."

वाचून झाल्यावर तू पान माझ्यापुढे धरलंस. मी काय म्हणाले, ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणाले, "हे आपल्या विषयात बसत नाही."

"मग तिला विचारलं कशाला आपण?"

"तिला बाहेर ठेवायला. तुला ठाऊक आहे ते."

"तिला ठाऊक नाय ना पण! तिने आजवर पोटच्या पोराला सांगितलं नाय ते मला सांगितलं. का? तर मी लिहून घेते, त्या माणसाच्या आईपर्यंत जाईल म्हणून. आणि तुझ्या अहवालात ती पहारेकरीण झाली."

"एका बाईवरून निष्कर्ष बदलत नसतो, इंदू."

"एका बाईवरूनच काढलास ना?"

प्रकरण टाइप होऊन आलं होतं. सरांनी त्याच्या समासात 'उत्कृष्ट' असं लिहिलं होतं, आणि आंदोलनाचं काही अहवालात येऊ नये अशी त्यांची सक्त ताकीद होती. ही सगळी कारणं मी तुला दिली. खरं कारण एवढंच की ते प्रकरण मला फार आवडलं होतं. त्यावर माझी पुढची नोकरी ठरणार होती, आणि ठरलीही. तुझ्या हातातलं पान मी घेतलं आणि नेहमीच्या गठ्ठ्यात ठेवलं.

तू तेवढ्यावर सोडलं नाहीस. जे वापरायचं नाही ते विचारायचं नाही, असं तुझं म्हणणं. मी म्हणायची, मग कुणी काही विचारूच शकणार नाही. माणूस बोलतो शंभर गोष्टी, आपण घेतो दोन. तू म्हणायचीस, अठ्ठ्याण्णव सोड की, पण सोडतेस ते तिला सांगून सोड. हे भांडण आपण चालता चालता केलं, हिंदमाताच्या स्टॉपवर उभं राहून केलं, तुमच्या घरी तुझ्या आईने वाढलेल्या बांगड्याच्या तिखल्यासमोर केलं. म्हणजे बांगडा तुम्हाला, मला वरणभात. तुझी आई म्हणाली होती, "भांडा काय ता, पण जेवान थंड करू नकात."

मग अहवाल छापून झाला. भागाकाकी तुला बाजारात भेटल्या की विचारायच्या, छापून इला? तू मला म्हणालीस, "आपण दोघी जाऊ. खरं काय ते सांगू. जोडे मारले तर दोघी खाऊ." मी म्हटलं, संशोधनात परत जायचं नसतं. असा काही नियम कुठल्याही पुस्तकात नाही. तो मी त्या क्षणी केला.

तू एकटी गेलीस. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "सांगितलंस?" "सांगून आले." "काय म्हणाली?" "काय नाय." आणि तू पिशवीतून पेरू काढून अर्धा मला दिलास. मला वाटलं, बरं झालं, मिटलं. दोन वर्षं मी तसंच समजत होते. मुलाखत घेण्याचा पगार घेणारी मी, तुझ्या 'काय नाय'वर एकदाही 'मग?' म्हटलं नाही.

महाराष्ट्राचं राज्य आलं त्या आठवड्यात तुझे डोळे पिवळे दिसायला लागले. तू रोषणाई बघायला खाली उतरलीस आणि तिथेच दादाचा हात धरून बसलीस. इस्पितळात मी यायची तेव्हा तुझं शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलणं चाललेलं असायचं. तिचं माहेर, तिची सवत, तिच्या चोरीला गेलेल्या कोंबड्या. मी चिडून म्हटलं, "आता तरी आराम कर. ही काय तुझी पाहणी आहे?" तू म्हणालीस, "ती बोलते तोवर तिला दुखत नाय." शेवटच्या दिवसापर्यंत तू मला भागाकाकींबद्दल काही म्हणाली नाहीस. मी नेलेली मोसंबी सोलत बसायची आणि बोलायचं राहून जायचं. माफी मागायची होती, असं म्हणणंही खोटं ठरेल. माफी मागण्यासारखं काही आहे, हेच मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

परवा गेले तेव्हा भागाकाकी गॅलरीत सुपात सुका जवळा निवडत बसल्या होत्या. खूप वाळल्या आहेत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू ती आतली बाई."

"हो."

"बस. माका काय विचारू नको."

मी बसले. आणि इंदू, मी गप्प बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण तू चिमटा काढायला नसताना मला ते जमलं. शेवटी त्याच बोलल्या. नजर सुपातच. "तिना माका फसवल्यान. आपल्या चेडवासारख्या मानी होतंय मी तिका. दोन वर्सांमागे इली आणि माज्या पायाकडे बसान सांगल्यान, काकी, मी काय लिवलंयच नाय. नुसतो हात हलवी होतंय. नाटक करी होतंय. माका म्हाफ कर." त्यांनी सूप जोरात झटकलं. "नाटक! माज्या तोंडार! मी तेच्या आवशीसाठी बोललंय, आणि ह्या चेडू हात हलवी होता!"

मला पाणी प्यायला हवं होतं, पण मागवेना.

नाटक हा शब्द माझा होता, इंदू. तू तो उचललास आणि स्वतःच्या अंगाला लावून घेतलास. तू लिहिलं होतंस आणि मी वगळलं, एवढं सांगितलं असतंस तर त्या म्हातारीने मला शिव्या घातल्या असत्या आणि तुला जवळ घेतलं असतं. त्यांच्याबद्दल माझ्या प्रकरणात काय छापलंय, तेही मग बाहेर आलं असतं, म्हणून तू तिथेच दार लावून टाकलंस असं मला वाटतं. मला वाचवलंस की त्यांना, ते मला ठरवता येत नाही. तुला विचारायची सोय मी ठेवली नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं. तुझ्यासारखं नाही, वाकडंतिकडं, मध्येच संशोधनाचे शब्द घालून. तू सगळं लिहिलं होतंस, नाव घालून लिहिलं होतंस, मला वाचून दाखवलं होतंस, आणि मी ते पान गठ्ठ्यात टाकलं, हे सांगितलं. अहवालात त्यांच्या दाराबद्दल मी काय लिहिलं आहे, तेही सांगितलं. सुमन आतून येऊन चौकटीला धरून उभी राहिली होती. दार का उघडं असतं ते तिलाही आज पहिल्यांदाच कळत होतं.

भागाकाकींनी मला शिवी दिली नाही. विचारलं, "सगळा लिवल्यान तिना?"

"सगळं."

"तो माका काकी म्हणालो, ता?"

"तेही."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "ती इस्पितळात होती तेवा सुमन दोनदा म्हणाली, चला, बघून येऊया. मी गेलंय नाय."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. माझं आटोपल्यावर मी म्हटलं, सरांना पत्र घातलंय, चौथं प्रकरण चुकीचं आहे असं कळवलंय, ते काय करतील ते करोत. पण तुमची हकीकत मी तुमच्या नावानिशी छापायची व्यवस्था करते. या वेळी आधी विचारते, छापू?

त्यांनी मान हलवली. "माजा रवांदे. चार वर्सां थांबलंय, आणखी थांबान. आदी तिचा लिव. ह्या सगळ्या चाळीक मी सांगत फिरलंय, ती लबाड म्हणान."

म्हणून हे आधी लिहिलं, इंदू. पुढच्या रविवारी, भागाकाकींना आधी विचारून, त्यांच्या चाळीच्या गॅलरीत मी हे मोठ्याने वाचणार आहे, सगळ्या बायकांसमोर, म्हणजे कुणाचा गैरसमज राहायला नको. तू सगळं लिहिलं होतंस. लबाडी माझी होती.